कोथळा म्हणजे जठर, आतडी की वजडी?

वाईच्या एका वाचकाने विचारलंय : ‘खानाचा कोथळा बाहेर काढला’ यातला कोथळा म्हणजे नेमका कोणता अवयव? जठर, आतडी, की खाटकाकडे मिळते ती वजडी?

तिन्ही नाही. कोथळा म्हणजे मुळात मोठी पिशवी, पोतं. लहान ती कोथळी. पोटाच्या पिशवीत जे काही भरलंय ते भगदाडातून बाहेर आलं की कोथळा. म्हणून हा शब्द ‘काढणे’, ‘बाहेर येणे’ यांच्याच संगतीत सापडतो. कोथळा दुखतोय असं कुणी म्हणत नाही, आणि माया असते ती आतड्याची.

प्रत्यक्षात बाहेर येतं काय? पोट पुढून फाटलं की आधी दिसते वपा, म्हणजे आतड्यांवर लोंबणारा चरबीचा पदर. तिच्यामागून लहान आतड्याची वेटोळी. जठर सहसा येत नाही. ते वर अन्ननलिकेला आणि खाली ग्रहणीला (लहान आतड्याचा पहिला तुकडा) बांधलेलं, आणि ग्रहणी पाठीकडच्या भिंतीला चिकटलेली. मोठ्या आतड्याचे दोन्ही उभे भागही तसेच जखडलेले. त्यापुढचं लहान आतडं मात्र सुमारे ६ मीटर लांब, आणि ते आंत्रबंध नावाच्या पातळ पडद्याला लोंबतं. त्या पडद्याची पाठीकडची मुळं जेमतेम १५ सेंटीमीटरच्या रेघेत. एवढ्या मोकळ्या गोष्टीला वाट मिळाली की ती सरकणारच. तेव्हा १० नोव्हेंबर १६५९ च्या त्या प्रसंगाला अवयवाचं नाव हवंच असेल तर ‘वपा आणि लहान आतडं’ म्हणा. पोवाड्यात मात्र कोथळाच राहू द्या!

बैलाने शिंग खुपसलं तरी गावाकडे हाच शब्द. अशा वेळी बाहेर आलेलं आत ढकलायचं नाही : घाण आत जाते, आणि जखमेच्या तोंडाशी वेटोळं आवळलं तर त्याचा रक्तपुरवठा तुटतो. स्वच्छ ओलं फडकं टाकायचं, ते सुकू द्यायचं नाही, आणि पाण्याचा घोटही न देता दवाखाना गाठायचा.

आता वजडी. हा खाटकाचा आणि चुलीचा शब्द, माणसाला लावत नाहीत. सातारा-सांगलीकडे वजडीच्या वाट्यात बकऱ्याचं पोट आणि आतडी दोन्ही येतात. जनावरांचे डॉक्टर या पोटाचे चार कप्पे सांगतात : कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरं पोट. पहिल्या तिन्हींचं अस्तर कातडीच्या जातीचं : चपट्या पेशींचे थरावर थर, वर केराटिनचं (नखांत-केसांत असतं त्याच द्रव्याचं) कवच, पाचकरसाची ग्रंथी एकही नाही. कोटीपोटात काळपट कोंब, जाळीपोटात मोहळासारखी घरं, पडदेपोटात पानावर पान. म्हणूनच कढत पाण्यात बुडवून, चुना चोळून सुरीने खरवडलं की काळी साल निघते आणि पांढरं उरतं. चुन्याने केराटिन मऊ पडतं. पाण्यात फार वेळ राहिलं तर साल शिजून घट्ट बसते, मग कितीही खरवडा. पडदेपोटाच्या पानांत चारा अडकतो. ती एकेक उकलून धुतली नाहीत तर रश्श्याला वास राहतो.

चौथ्या कप्प्याला अशी साल नसतेच. तिथलं अस्तर मऊ, बुळबुळीत, घड्या पडलेलं आणि ग्रंथींनी भरलेलं. आम्ल आणि पाचकरस तिथेच पाझरतात. ‘जठर’ हा शब्द नेमका लावायचा तर चारांतल्या या एकालाच. त्याला चुना लागत नाही, मिठाने चोळून बुळबुळ काढली की झालं.