गरोदर बाईला औषधगोळ्या वेळेवर मिळत असतील, तर ती राहते कुठे याने कितीसा फरक पडतो?

पडतो, आणि आधी त्या गोळ्यांवरच पडतो.

मी कोल्हापूर जिल्ह्यात आशा सेविका आहे. दिवाळीच्या आगेमागे आमच्या गावाबाहेर बीडकडच्या ऊसतोड टोळ्या उतरतात. बांबू वाकवून वर ताडपत्री टाकली की झाली कोपी. आत शिरायचं ते वाकूनच. आठव्या महिन्यातली बाई उठताना आधी गुडघ्यांवर येते, मग बांबू धरते. (बांबूही हलतो.)

तीन हंगामांपूर्वी पाचव्या महिन्यातल्या एका पोरीचं हिमोग्लोबिन ७.८ निघालं. गरोदरपणात ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय. लोहाच्या गोळ्या मी स्वतःच्या हाताने दिल्या होत्या. पंधरा दिवसांनी बघते तर पाकीट जसंच्या तसं, ताडपत्रीत खोचलेलं. मी चिडले. ती म्हणाली, "ताई, गोळी खाल्ली की पोट धरतंय. अन् जायचं कुठं?"

लोहाच्या गोळ्यांनी बऱ्याच जणींना बद्धकोष्ठ होतं. घरात संडास असेल तर तो नुसता त्रास. इथे पहाटे अंधारात, जावेला सोबत घेऊन, उसाच्या आडोशाला जायचं. तेवढ्यात झालं तर झालं. उजाडलं की चहूकडे गडीमाणसं. म्हणून बायका दुपारनंतर पाणीच पीत नाहीत. मग लघवीला जळजळ, जंतुसंसर्ग, आणि तो अंगावर काढला तर दिवस भरायच्या आधीच कळा यायचा धोका. "भरपूर पाणी प्या" असं आम्ही प्रत्येकीला सांगतो. मला आता ते सांगताना लाज वाटते.

बरं, दवाखान्यात जावं तर खाडा. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ती गेली की त्याचंही काम अडतं, आणि मुकादमाची उचल तर फिटायचीच असते. पाळीच्या दिवसांत हेच हाल. २०१९ मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कोपीत राहून "पिशवीचा त्रास" सोसणारी बाई "काढून टाका" या सल्ल्याला का हो म्हणते, ते मला तरी कळतं.

त्या पोरीसाठी मी शेतमालकिणीच्या मागे लागले. चार बांबू, जुनी ताडपत्री, एक खड्डा, एक बादली, झाला आडोसा. गोळी चहाबरोबर नको, जेवणावर लिंबू पिळून घे, एवढंच नव्याने सांगितलं. दोन महिन्यांनी रक्त ९.६ भरलं.

हंगाम संपल्यावर मालकिणीने बांबू काढून गोठ्याला लावले. पुढच्या वर्षी नवी टोळी आली तेव्हा पुन्हा मागायला गेले.