छोट्या खोलीत कॉम्प्युटरसाठी ५.१ सेट घ्यायचाय, पारखायचा कसा?

तुम्ही लिहिलंय की खोली १० बाय १२ ची, टेबल भिंतीला लागून, पिक्चर आणि गेम दोन्हीसाठी ५.१ सेट (पुढे दोन, मधे सेंटर, मागे दोन असे पाच स्पीकर आणि खालच्या सुरांचा एक वूफर) हवाय आणि दुकानदार "दहा हजार वॅट आहे" म्हणतोय. मी इंदूरला रामबागेत राहतो, माझी खोलीपण जवळपास एवढीच आहे आणि चार वर्षं ५.१ वापरतोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दहा हजार वॅट सोडूनच द्या. तो पीएमपीओचा आकडा असतो, त्याला काही ठरलेलं माप नाही, कोणी कितीही छापतं. खोक्यावर आरएमएस, म्हणजे सेट सलग देऊ शकतो ती खरी ताकद, किती ते बघा. लॉजिटेकचा झेड ९०६ हा कॉम्प्युटरच्या सेटमधला चांगला मोठा, तोसुद्धा ५०० वॅट आरएमएसचा आहे. आणि तुम्ही बसणार स्पीकरपासून तीन फुटांवर, तिथे दोन-चार वॅटमधेच कान भरतात. वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो.

खरा प्रश्न मागचे दोन स्पीकर कुठे लावणार हा आहे, आणि तो घरी सोडवायचा, दुकानात नाही. समोर नाकाच्या रेषेत शून्य अंश धरा, तर पुढचे दोन डावी-उजवीकडे ३० अंशांवर आणि मागचे १०० ते १२० अंशांवर यायला हवेत, म्हणजे पार पाठीमागे नाही, कानाच्या थोडे मागे. मी पहिलं वर्षभर वायर पुरत नाही म्हणून मागचे दोन्ही मॉनिटरच्या वरच्या फळीवर ठेवले होते, गेममधे मागून कोणी आलं तरी पावलं समोरूनच ऐकू यायची, आणि मला वाटायचं सेटच खराब आहे. मग दिवाळीच्या साफसफाईत बाजूच्या भिंतींवर ब्रॅकेट ठोकले, वायर खालून फिरवली, आणि तोच सेट एकदम दुसराच वाटायला लागला, खोली मोठी झाल्यासारखी. तुमचं टेबल भिंतीला आहे म्हणजे तुमच्या मागे जागा मोकळी आहे, ही चांगली गोष्ट आहे.

दुसरं, कॉम्प्युटरमधून सहा चॅनल बाहेर निघतात का ते बघा. डेस्कटॉप असेल तर मागे हिरवा, काळा आणि नारिंगी असे तीन जॅक शोधा, हिरवा पुढच्यांचा, काळा मागच्यांचा, नारिंगी सेंटर आणि वूफरचा. लॅपटॉपच्या एका हेडफोन जॅकमधून फक्त स्टीरिओ, म्हणजे डावा-उजवा असे दोनच चॅनल निघतात, मग सेट तोच आवाज पाचही स्पीकरना वाटून देतो, त्याला ५.१ म्हणता येत नाही. लॅपटॉप असेल तर बाहेरून लावायचं यूएसबी साउंडकार्ड घ्यावं लागेल, त्यावरही तीन जॅक बघून घ्या. ऑप्टिकल वायरने सगळं होईल असं कोणी सांगितलं तर लगेच मान्य करू नका, त्यातून साधा आवाज दोनच चॅनलचा जातो, सहा पाहिजेत तर डॉल्बी किंवा डीटीएस या आवाज दाबून पाठवायच्या पद्धतींमधे दाबलेला लागतो. पिक्चरमधे तो बऱ्याचदा तयार असतो पण गेमसाठी साउंडकार्डने तो जागच्या जागी बनवून द्यावा लागतो. विंडोजमधे साउंडच्या कॉन्फिगरमधे ५.१ निवडून टेस्ट दाबा, एकेक स्पीकर वाजतो, त्यात डावं-उजवं उलटं नाही ना ते कळतं.

आता ऐकून पारखणं. आमच्या इथल्या डॉलर मार्केटसारख्या बाजाराच्या गजबजाटात धमाके ऐकून काही कळत नाही, वूफर सगळेच धडधडतात. मी अमीर खाँ साहेबांचा विलंबित ख्याल मोबाइलमधे घेऊन जातो, गाणं आपल्याच इंदूरचं आणि खाँसाहेब मंद्रात, म्हणजे खालच्या सुरांत, फार उतरतात. सेट स्टीरिओवर ठेवायला सांगा आणि डोळे मिटून ऐका. आवाज समोर मधोमध यायला हवा. खालच्या सुरांना तो टेबलाखालून, वूफरमधून आल्यासारखा वाटला तर समजायचं की छोट्या स्पीकरना ते सूर झेपत नाहीत आणि सगळं ओझं वूफरवर टाकलंय. साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो ते कानाला कळत नाही, पण त्याच्या बराच वर गेलं की कळायला लागतं. या एका गोष्टीवरून मी दोन सेट नाकारले. त्यानंतर एखाद्या पिक्चरचा बोलण्याचा सीन हळू आवाजात लावा, प्रत्येक शब्द समजला पाहिजे. आमच्या आईला नाटकं बघताना हेच लागतं, म्हणून सेंटरचा आवाज वेगळा वाढवता येतो का हे नक्की विचारा. शेवटी सगळं बंद करून कान वूफरजवळ न्या, दुकानातच घुंईऽऽ ऐकू येत असेल तर रात्री खोलीत जास्तच येईल. दुकानात नव्हती आणि घरीच घुंई आली तर मात्र आधी बोर्डाचं अर्थिंग बघून घ्या.

आणि जायच्या आधी टेपने मोजा, वूफर ठेवाल तिथून भिंतीच्या कडेकडेने मागच्या ब्रॅकेटपर्यंत, दाराची चौकट धरून. माझ्याकडे ते २२ फूट भरलं आणि सोबतची वायर १५ ची होती. मागे दाबून बसवायच्या क्लिपा असतील तर साधी स्पीकर वायर मीटरवर आणून वाढवता येते, कंपनीची वेगळीच पिन असेल तर तो सेट तुमच्या खोलीसाठी घेऊ नका.