प्रार्थनेच्या चिठ्ठीत नाव नको

चिरंजीवास सप्रेम सलाम,

इंदूरच्या आपल्या ख्रिस्ती मंडळीत एचआयव्हीबाधितांच्या सेवेचं काम तू अंगावर घेतलंस, याचा आम्हा सगळ्यांना फार आनंद झाला.

आधी जीभ सांभाळ. मंडळीत बातमी फुटते ती बहुतेक वेळा दुष्टाव्यानं नाही, कळवळ्यानं फुटते. ‘अमक्या ताईंसाठी प्रार्थना करा, एम. वाय. रुग्णालयात त्यांच्या गोळ्या चालू आहेत,’ असं कुणी प्रार्थनासभेत म्हणतं आणि रविवारच्या आत ते घरमालकापर्यंत पोचतं. म्हणून विनंतीच्या चिठ्ठीवर नाव नको, गल्ली नको, दवाखानाही नको. ‘एक आजारी बहीण’ एवढं देवाला पुरतं. पाळकांना सांगायचं की नाही, हेसुद्धा त्या व्यक्तीनंच ठरवायचं. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानंही संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करायला मनाई केली आहे. चाचणीही संमतीनेच होते. लग्न लावण्याआधी मंडळीनं एचआयव्ही चाचणीचा दाखला मागू नये, दोघांना समुपदेशकाकडे जायचं सुचवावं.

आता गोळ्यांचं. सरकारी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रात, २००४ पासून औषध मोफत मिळतं. सध्या बहुतेक मोठ्यांना रोज एकच गोळी असते: टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडिन ३००, डोल्युटेग्राव्हिर ५०. ती जेवणाआधी-नंतर कधीही चालते, वेळ मात्र एकच हवी. सकाळी पोह्यांच्या बशीबरोबर घ्यायची सवय लागली तर सहसा चुकत नाही. चुकलीच, तर आठवताक्षणी घ्यावी, पण दुसऱ्या दिवशी दोन नकोत. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम असलेली ॲसिडिटीची औषधं आणि लोह-कॅल्शियमच्या गोळ्या डोल्युटेग्राव्हिरला शरीरात नीट शोषू देत नाहीत; गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावी. ॲसिडिटीची गोळी लोक न विचारता घेतात, म्हणून हे तूच मुद्दाम विचार.

तीस गोळ्यांची बाटली पिशवीत खुळखुळते, आणि त्या आवाजाच्या भीतीनं माणसं ती घरीच ठेवून गावाला जातात. वर स्वच्छ कापसाचा बोळा ठेवला की आवाज बंद होतो. आतली ओल शोषणारी पुडी मात्र काढू देऊ नकोस, आणि गोळ्या कागदात बांधून ठेवू देऊ नकोस.

सगळ्यात मोठा घात होतो तो ‘विश्वासानं बरा झालास, आता गोळ्या सोड’ या सल्ल्यानं. औषधानं विषाणू दबतो, शरीरातून जात नाही. गोळ्या थांबल्या की काही आठवड्यांत तो पुन्हा वाढतो, आणि मध्येच घेणं-सोडणं चालू राहिलं तर औषधाला दाद न देणारा होऊ शकतो. असा सल्ला देणारा कुणीही असो, त्याला तिथल्या तिथे, नम्रपणे पण स्पष्ट सांग. नेमानं गोळ्या घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला, की शरीरसंबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. हे नवराबायकोला कळलं की घरातला अर्धा भार उतरतो.

प्रभुभोजनाच्या सामाईक प्याल्याचा प्रश्न येईलच. लाळेतून, एका प्याल्यातून एचआयव्ही पसरत नाही. एकट्यासाठी वेगळा प्याला काढणं म्हणजे सगळ्यांसमोर त्याच्याकडे बोट दाखवणं. येशूनं कुष्ठरोग्याला बरं करताना आधी हात लावला, हे मार्काच्या पहिल्याच अध्यायात आहे.

पैशाचं एवढंच: येशूच्या दाखल्यातला दयाळू शोमरोनी जखमी वाटसरूसाठी उतारशाळेत दोन दीनार ठेवून थांबला नाही; जास्त लागले तर परत येताना देईन, असं म्हणाला. लोक औषध सोडतात ते पुष्कळदा रिक्षाभाडं आणि बुडालेली रोजी यांपायी. निधी त्यासाठीच राखून ठेव. हिशेबवहीत नावाऐवजी क्रमांक लिही आणि नावांचा कागद एकाच माणसापाशी, कुलपात ठेव.

गरोदर बहीण असेल तर पहिल्याच महिन्यांत केंद्रात ने. बाळाला जन्मल्याबरोबर औषध सुरू होतं, सहाव्या आठवड्यात पहिली तपासणी आणि अठराव्या महिन्यात अखेरची. ही अखेरचीच बहुतेक राहून जाते, कारण तोवर मूल धडधाकट खेळत असतं. ती तारीख आजच वहीत लिहून ठेव.

तुझे वडीलधारे