सहा वर्षांच्या ऑटिस्टिक मुलाकडून मोबाइल घेतला की तो स्वतःचं मनगट चावतो. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगा दहा-बारा शब्द बोलतो, रोज संध्याकाळी जेवणाआधी मोबाइल काढून घेतला की किंचाळतो आणि डावं मनगट चावतो. सासूबाई म्हणतात, देऊन टाका, कशाला रडवता. त्याचे बाबा म्हणतात, एक फटका दिला की सरळ येईल.

दोन्ही उपायांची गोम एकच आहे. मोबाइल परत मिळाला तर चावण्याचा उपयोग होतो हे तो शिकतो. फटका मिळाला तर आपल्यापेक्षा मोठा माणूस मारू शकतो हे शिकतो, आणि पुढेमागे धाकट्या भावंडावर तेच करून बघतो. मोबाइल हवा असताना तो सोडायचा कसा, हे मात्र त्याला कोणीच शिकवलेलं नसतं. मोठ्यांनाही ते धड जमत नाही, हा भाग वेगळा.

पॉझिटिव्ह बिहेवियर सपोर्ट, म्हणजे शिक्षेऐवजी नवं कौशल्य शिकवून वागणं बदलण्याची पद्धत. तिचा सगळा डोलारा एका निरीक्षणावर उभा आहे: अशा वागण्याने मुलाचं काहीतरी काम होत असतं. ते काम कोणतं हे शोधायचं आणि तेच काम करून घेण्याचा सोपा, कमी त्रासाचा मार्ग त्याच्या हाती द्यायचा. 1985 साली अमेरिकेत एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी चार मुलांवर केलेला प्रयोग यासाठी लक्षात ठेवण्यासारखा आहे. ज्याला अभ्यास अवघड जात होता त्याला ‘मला समजत नाही’ असं म्हणायला शिकवलं आणि मदत दिली. ज्याला लक्ष हवं होतं त्याला ‘मी नीट करतोय का?’ असं विचारायला शिकवलं. दंगा कमी झाला. पण वाक्यांची अदलाबदल केल्यावर फरक पडला नाही. वागण्यामागचं कारण चुकीचं ओळखलं तर उपाय कितीही प्रेमाने केला तरी वाया जातो.

नोंदींची वही उघडण्याआधी डॉक्टर. चावणं अलीकडेच सुरू झालं असेल किंवा अचानक वाढलं असेल तर दात, कान, बद्धकोष्ठता, अपुरी झोप आणि नुकतंच सुरू झालेलं एखादं औषध, एवढं तपासून घ्या. दाढ दुखते हे सांगता न येणारं मूल हात चावून सांगतं. अशा वेळी आपण महिनाभर पुढे सांगितलेली कार्डं शिकवत बसलो तर तो त्याच्यावर अन्याय आहे.

मग सात ते दहा दिवस नोंदी. वागण्यात काही बदल न करता फक्त लिहायचं: वेळ, आधी काय झालं, त्याने नेमकं काय केलं, किती वेळ केलं, नंतर आपण काय केलं. नमुना म्हणून तीन दिवस देतो.

सोमवार, 7:35. आधी: व्हिडिओ अर्ध्यावर असताना ‘चल जेवायला’ म्हणून मोबाइल हातातून घेतला. त्याने: किंचाळला, डावं मनगट चावलं, दात उमटले, 4 मिनिटं. नंतर: आजीने मोबाइल दिला, लगेच शांत.

मंगळवार, 7:50. आधी: गाणं संपलं, दुसरं सुरू व्हायच्या आत घेतला. त्याने: रडला, चावलं नाही, 1 मिनिट. नंतर: बाबांनी गच्चीवर नेलं.

बुधवार, 7:30. आधी: मिक्सर चालू, पाहुणे आलेले, मोबाइल त्याच्याच हातात होता. त्याने: कान दाबले, मनगट चावलं. नंतर: आतल्या खोलीत नेल्यावर 10 मिनिटांनी शांत.

‘चिडला’, ‘मुद्दाम केलं’, ‘काही कारण नसताना’ हे शब्द वहीत नकोत. ते आपले अंदाज असतात आणि त्यावरून पुढे काहीच ठरवता येत नाही.

वागण्यामागचं काम सहसा चारपैकी एक असतं: काही मिळवणं, काही टाळणं, कोणाचं लक्ष वेधणं, किंवा शरीराला बरं वाटणं. वरच्या नमुन्यात सोमवारचं चावणं मोबाइल मिळवण्यासाठी आहे. बुधवारचं आवाज असह्य झाल्याने आहे आणि मोबाइलशी त्याचा संबंधच नाही. चावणं एकच, कामं दोन. म्हणून बुधवारचा उपाय वेगळा: मिक्सर-कुकर तो खाली खेळायला गेलेला असताना उरकणं, कानावर लावायचे आवाज रोखणारे मफ जवळ ठेवणं, पाहुणे येण्याआधी आतली खोली तयार ठेवणं. तुमच्या वहीत बुधवारसारख्या नोंदी जास्त निघाल्या तर पुढचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी आवाजाकडे बघा.

सोमवारसारख्या जास्त असतील तर पुढे वाचा. मंगळवारची नोंद फुकट मिळालेली सूचना आहे. गाणं संपल्यावर मोबाइल घेतला तर त्रास कमी झाला, कारण शेवट त्याला दिसला. ‘अजून पाच मिनिटं’ हे त्याच्यासाठी हवेतलं बोलणं आहे. वेळ दिसत नाही. म्हणून ऑटोप्ले बंद करा. ऑटोप्ले चालू असेल तर मोबाइलला शेवट म्हणून नसतोच, तो प्रत्येक वेळी आपणच मधूनच तोडतो. त्याच्या आवडीची तीन-चार गाणी डाउनलोड करून ठेवा आणि इंटरनेट बंद करून मोबाइल हातात द्या. गाणी संपली की खरोखर संपली.

दुसरी अडचण उताराची आहे. सगळ्यात आवडत्या गोष्टीवरून थेट नावडत्या ताटावर आणलं तर तो कडा आहे, कोणीही कोसळेल. मध्ये एक पायरी घाला, बऱ्यापैकी आवडणारी आणि हाताला काम देणारी. पोळ्यांच्या वेळी कणकेचा गोळा चांगला चालतो. लाटणं, थापणं, दाबणं यात हातांना जोर लागतो आणि बऱ्याच मुलांना तो सुखावतो. ही पायरी सासूबाईंकडे द्या. मोबाइल परत देण्याऐवजी त्यांच्याकडे देण्यासारखं दुसरं काहीतरी असलं की घरातला अर्धा वाद मिटतो. भिंतीवर तीन चित्रं ओळीने लावा: मोबाइल, कणीक, ताट. फोटो त्याच्याच वस्तूंचे असावेत. आणलेल्या तक्त्यावरचं परकं ताट त्याला आपलं वाटेलच असं नाही.

आता मुख्य भाग, बदली कौशल्य, म्हणजे चावण्याच्या जागी येणारं कौशल्य. ‘अजून’ म्हणण्यासाठी तळहाताएवढं एक कार्ड करा. ते शिकवायचं मात्र मोबाइलवर नाही आणि संध्याकाळी तर मुळीच नाही. सकाळी शांत असताना चिवडा, कुरमुरे, साबणाचे फुगे, यांवर शिकवा. एकजण समोर कुरमुरे घेऊन बसेल, दुसरा मुलाच्या मागे. त्याने हात पुढे केला की मागचा माणूस न बोलता हलकेच तो हात कार्डाकडे वळवेल, कार्ड समोरच्याच्या हातात पडलं की समोरचा ‘अजून’ म्हणून त्याच क्षणी चार कुरमुरे देईल. दिवसात दहा-पंधरा वेळा, दोन-तीन बैठकांत विभागून. मागच्याची मदत रोज कमी करत न्या: हात धरणं, मग कोपराला स्पर्श, मग काहीच नाही. त्याने हात झटकला तर ओढाताण नको, कार्ड त्याच्या आणखी जवळ सरकवा. ‘काय हवं? सांग ना, बोल ना’ असं समोरच्याने विचारायचं नाही. नाहीतर विचारल्याशिवाय कार्ड द्यायचं नसतं, असं तो शिकेल.

चित्रांची सवय लागली तर बोलणं थांबेल ही भीती जवळपास प्रत्येक घरात असते. तसं होत नाही. काही मुलांचं बोलणं उलट थोडं वाढतं.

मदतीशिवाय कार्ड देऊ लागला की मगच संध्याकाळी वापरा. ‘अजून’ची तीन कार्डं त्याच्याजवळ ठेवा. एक कार्ड म्हणजे आणखी एक गाणं. तीन दिली की कार्डं संपली, गाणी संपली, कणीक सुरू. चावण्यापेक्षा कार्डाने लवकर मिळायला हवं, म्हणून पहिले दोन आठवडे प्रत्येक कार्डाला लगेच दाद द्या. त्यानंतर ‘थांब’ शिकवा, तेही कुरमुऱ्यांवरच: दोन सेकंद, मग पाच, दहा, तीस. पहिल्याच दिवशी पाच मिनिटं थांबवलं की कार्डावरचा विश्वास उडतो आणि चावणं परत येतं. कार्डं तीनावरून दोनावर आणायची घाईही नको, आठवडाभर सुरळीत गेल्यावर एक कमी करा.

शेवटाचा शब्द एकच ठरवा: ‘संपलं’, आणि त्यासोबत दोन्ही रिकामे तळवे दाखवायचे. घरात एकजण ‘बास’, दुसरा ‘पुरे’, तिसरा ‘बाबा ओरडतील हं’ म्हणत असेल तर त्याच्यासाठी त्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

कार्ड देऊन मोबाइल सोडला की दोन-तीन सेकंदांत शाबासकी, आणि ती नेमकी: ‘मोबाइल दिलास!’ शब्द आवडत नसतील तर पाठीवर घट्ट थाप. ही लाच नाही का, असं कोणीतरी विचारेलच. दंगा सुरू झाल्यावर तो थांबवायला दाखवलेली गोळी म्हणजे लाच. आधी ठरवलेलं, काम झाल्यावर मिळणारं म्हणजे मोबदला, तो आपण सगळेच घेतो.

तरीही काही दिवस चावेलच. तेव्हा समजावणं नको, त्या क्षणी भाषा पोचत नाही. मनगट आणि दात यांच्यामध्ये उशी किंवा जाड दुपट्टा सरकवा, हात पकडून ठेवू नका, भावंडाला बाजूला न्या, दिवा मंद करा, शेजारी गप्प बसा. मोबाइल परत द्यायचा नाही, आणि रागाने लपवायचाही नाही. ‘दुर्लक्ष करा, आपोआप थांबेल’ हा सल्ला स्वतःला इजा करणाऱ्या मुलासाठी धोकादायक आहे. त्याला वाचवायचं, फक्त मोबाइल देऊन वाचवायचं नाही.

इथे बहुतेक घरं अडखळतात. मोबाइल परत मिळणं बंद झालं की किंचाळणं आधी वाढू शकतं, मग उतरतं. लिफ्ट आली नाही की आपणही बटण जास्त जोरात, पुन्हापुन्हा दाबतो, तसंच. या वाढीच्या दिवशी कोणी हार मानून मोबाइल दिला तर इतकं ओरडलं की मिळतो असा नवा नियम तयार होतो, आणि तो मोडायला पहिल्यापेक्षा अवघड जातो. म्हणूनच आधी कार्ड पक्कं, मग मोबाइल परत देणं बंद. उलट क्रमाने केलं तर मुलाच्या हातात काहीच राहत नाही. आणि ज्या आठवड्यात घरी पाहुणे, परीक्षा किंवा आजारपण आहे, त्या आठवड्यात सुरुवात करू नका.

वही चालूच ठेवा. आठवड्यात नऊ वेळा चावत होता तो सहा वेळा चावतोय, चार मिनिटांचं दीड मिनिट झालं, तर योजना लागू पडते आहे. वहीशिवाय हे दिसत नाही, कारण आपल्याला कालचाच दिवस आठवतो. तीन आठवड्यांत आकडा हललाच नाही तर मुलाला दोष देण्याआधी कारण पुन्हा तपासा.

हात फडफडवणं, गोल फिरणं, तोच शब्द पुन्हापुन्हा म्हणणं, हे या योजनेत घालू नका. त्याने कोणाला इजा होत नाही आणि अनेकदा तो तसाच स्वतःला सावरत असतो. नजरेला नजर द्यायला लावणं तर माझ्या मते सोडूनच द्यावं. मूल ‘नॉर्मल’ दिसावं म्हणून केलेल्या थेरपीबद्दल मोठे झालेले ऑटिस्टिक लोक जे कडवटपणे सांगतात, ते ऐकण्यासारखं आहे.

कातडी फाटत असेल, डोकं आपटत असेल किंवा तुम्हाला त्याला सांभाळणं झेपत नसेल तर एकट्याने करू नका. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करा. खासगीत जात असाल तर विशेष शिक्षक किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा, आणि पालकांना सेशनमध्ये बसू न देणाऱ्या ठिकाणाहून सरळ उठा. रिस्पेरिडोन किंवा अ‍ॅरिपिप्राझोल ही औषधं तीव्र चिडचिडीसाठी डॉक्टर देतात. वजन आणि झोप यांवर त्यांचा परिणाम होऊ शकतो, तो विचारून घ्या. औषधाने धग कमी होते, ‘अजून’ म्हणायला ते शिकवत नाही. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत 1 लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य कवच आहे आणि त्यात थेरपीचाही खर्च धरला जातो, त्यामुळे अपंगत्व प्रमाणपत्राचं काम लांबवू नका.

शाळेला एका पानावर लिहून द्या: तो कशाने बिथरतो, कार्ड कसं देतो, ‘संपलं’ची खूण कोणती, काय करू नये. तेच कार्ड दप्तराला बांधा. तिथे कोणी छडीची भाषा केली तर शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षेला बंदी आहे, हे शांतपणे दाखवा.

आणि एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. दोन महिने छान गेल्यावर दिवाळीत आठ दिवस मामाकडे जाल, तिथे मोबाइल दिवसभर हातात असेल, आणि घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी तो मनगट चावेल. शिकवलेलं पुसलं गेलेलं नसतं. तीन कार्डं पुन्हा काढा, कणीक थोडी जास्त मळा, आणि तारीख वहीत लिहा.