पर्यटक व्हिसावर आलेल्या पाहुण्यांनी बायबलमधून इंग्रजी शिकवावे का?

प्रश्न : मी इंदूरच्या सुदामानगरमध्ये राहते. वय एकसष्ट. निवृत्तीनंतर घराच्या खालच्या मजल्यावर जवळच्या वस्तीतील मुलांसाठी संध्याकाळी विनामूल्य इंग्रजीचा वर्ग घेते. चौतीस मुले येतात; बहुतेकांचे आईवडील धार-झाबुआकडून बांधकामाच्या मजुरीसाठी आलेले भिल्ल आहेत. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी अमेरिकेत असते. लग्नानंतर ती तिथल्या चर्चची सदस्य झाली आहे आणि तिच्याकडे ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारे कार्ड, आहे. पाच आठवड्यांनी ती चर्चमधील पाच जणांना घेऊन तीन आठवड्यांसाठी येत आहे. सोप्या इंग्रजीतील बायबलचे उतारे मुलांकडून वाचून घेऊन इंग्रजी शिकवायचे, अशी त्यांची पद्धत आहे. त्या पाच जणांनी ई-पर्यटक व्हिसा काढला आहे आणि सर्वजण माझ्याच घरी उतरतील. चर्चने बाके आणि खाऊ यांसाठी अठराशे डॉलर माझ्या खात्यावर पाठवले, ते बँकेने अडवून कारण विचारले आहे. भाची म्हणते, ‘मावशी, घरखर्चासाठी असे लिहून दे, आणि पालकांना फक्त इंग्रजी संभाषण शिबिर म्हणून सांग.’ मुलांना दप्तरे आणि बूटही वाटायचे आहेत. गेल्या आठवड्यात दोन तरुण घरी येऊन ‘इथे धर्मांतर होणार आहे का’ असे विचारून गेले. मी हिंदू आहे, मला कोणाचेही धर्मांतर करायचे नाही. मी काय करावे?

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत तातडीची गोष्ट बँकेची आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो. ‘घरखर्चासाठी’ असे कृपया लिहून देऊ नका. ते पैसे घरखर्चाचे नाहीत हे आपल्याला ठाऊक आहे, आणि ठाऊक असताना केलेले खोटे निवेदन परकीय चलनाच्या कायद्यात तर अडचणीचे ठरेलच, शिवाय पुढे कधी या शिबिराची चौकशी झाली तर ‘यांना पहिल्यापासून काहीतरी लपवायचे होते’ असे म्हणायला तोच कागद पुरेसा होईल.

परकीय देणगी नियमन कायदा, २०१०, ज्याला सर्वजण एफसीआरए म्हणतात, त्याच्या अकराव्या कलमानुसार सांस्कृतिक, आर्थिक, शैक्षणिक, धार्मिक किंवा सामाजिक कार्यक्रम चालवणाऱ्या कोणालाही केंद्र सरकारची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय परकीय देणगी घेता येत नाही. या कायद्यातील ‘व्यक्ती’ या शब्दात संस्थेबरोबर एकटा माणूसही येतो, त्यामुळे आपला वर्ग कोणत्याही न्यासाच्या नावावर नाही एवढ्याने सुटका होत नाही. नातेवाइकाकडून आलेल्या पैशांना या कायद्यात सवलत आहे हे खरे. परंतु ‘नातेवाईक’ कोण हे कंपनी कायद्यातील व्याख्येवरून ठरते, आणि त्या यादीत बहीण असली तरी बहिणीची मुलगी नाही. आपल्याकडे मावशी-भाचीचे नाते आई-मुलीइतके जवळचे मानतात, हे त्या व्याख्येला माहीत नाही. आणि तसेही हे पैसे भाचीचे नसून चर्चचे आहेत. म्हणून बँकेला लेखी कळवा की ही रक्कम शैक्षणिक कार्यक्रमासाठी एका परदेशी संस्थेने पाठवली आहे, आपल्याकडे एफसीआरएची नोंदणी नाही, आपण ती स्वीकारत नाही आणि ती पाठवणाऱ्याला परत करावी. पत्राच्या प्रतीवर पोच घ्या. नोंदणी वा परवानगी नसलेल्या खात्यात अशी देणगी आली तर तिची माहिती बँकेला अठ्ठेचाळीस तासांच्या आत केंद्र सरकारला द्यावी लागते, तेव्हा बँकेने विचारणा केली याचा राग मानू नका. तिने आपल्याला एका मोठ्या संकटाच्या अलीकडेच थांबवले आहे. या कायद्याच्या उल्लंघनाला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पाहुण्यांनी इथे येऊन स्वतःच्या खिशातून वर्गासाठी बाके विकत घेतली तरी ती वस्तुरूप देणगीच ठरू शकते. बाके हवीच असतील तर ती सुदामानगर, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर इथल्या आपल्या ओळखीच्या माणसांकडून थोडे थोडे जमवून घ्यावीत.

आता व्हिसा. आपण धरून चालला आहात त्यापेक्षा एका बाबतीत कायदा अधिक उदार आहे आणि एका बाबतीत पुष्कळ कडक. ई-पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाला जास्तीत जास्त एक महिन्यापर्यंत, कोणताही मोबदला न घेता, स्वयंसेवेचे काम करण्याची मुभा आहे. त्यामुळे तीन आठवडे मुलांना फुकट इंग्रजी शिकवणे हे मुळातच बेकायदा आहे, असे कोणी आपल्याला सांगितले असेल तर ते बरोबर नाही. परंतु गृह मंत्रालयाच्या व्हिसाविषयक मार्गदर्शक सूचनांनुसार परदेशी नागरिकाला धार्मिक स्थळांना भेट देता येते, नेहमीच्या उपासनेत आणि प्रवचनात श्रोता म्हणून बसता येते, मात्र धार्मिक विचारांचा प्रचार करणे, धार्मिक स्थळी भाषणे करणे, त्या विचारांची पत्रके वाटणे किंवा दृक्‌श्राव्य साहित्य दाखवणे याला परवानगी नाही. मिशनरी कामासाठी मिशनरी व्हिसा हा वेगळा प्रकार आहे आणि तो भारतीय दूतावासामार्फत आधीच काढावा लागतो. इथे आल्यावर ई-पर्यटक व्हिसा त्यात बदलून मिळत नाही. भाचीला मात्र असे वाटत असेल की ओसीआय कार्ड असल्यामुळे तिला ही अट नाही, तर तो गैरसमज वेळीच दूर करा. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार मिशनरी कामासाठी ओसीआय कार्डधारकालाही विशेष परवानगी घ्यावी लागते.

मग मुलांकडून बायबलचा उतारा वाचून घेणे हे इंग्रजीचे अध्यापन की धर्मप्रचार? या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात नसून हेतूत आणि परिस्थितीत आहे, आणि त्यामुळेच ते अवघड आहे. महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकणारा विद्यार्थी बायबलचे उतारे वाचतो तेव्हा कोणी आक्षेप घेत नाही. एखाद्या वाचनमालेत पंचतंत्रातील गोष्टीशेजारी बायबलमधील भल्या शोमरोनी माणसाचा दाखला आला तरी त्यात आक्षेपार्ह काही नाही. परंतु चर्चने निवडलेला गट, चर्चचा पैसा, तीन आठवडे केवळ एकाच धर्मग्रंथाचे वाचन, समोर दहा-बारा वर्षांची मुले, आणि पालकांना यातले काहीही न सांगण्याची सूचना, हे सगळे एकत्र मांडल्यावर अधिकारी त्याला भाषेचा वर्ग मानतील अशी आशा मी आपल्याला देऊ शकत नाही. व्हिसाच्या अटींचा भंग केल्यास १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या इमिग्रेशन आणि विदेशी नागरिक कायदा, २०२५ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. परत पाठवणी आणि पुन्हा व्हिसा न मिळणे हे वेगळेच. जाणूनबुजून साहाय्य करणाऱ्यालाही कायदा मोकळा सोडत नाही, आणि इथे घर आपले आहे.

पण आपल्याला रात्री झोप लागू देत नाही तो कायदा दुसरा, धर्मांतराचा आहे, हे आपल्या पत्रावरून जाणवते. मध्य प्रदेशात हा विषय जुना आहे. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणाऱ्या, न्या. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल १९५६ मध्ये आला, १९६८ मध्ये धर्मांतरावरचा पहिला कायदा झाला, आणि त्यालाच दिलेल्या आव्हानात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये, रेव्ह. स्टेनिस्लॉस विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात, असे ठरवले की संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने दिलेल्या धर्मप्रसाराच्या अधिकारात आपल्या धर्माची तत्त्वे सांगणे येते, दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा अधिकार येत नाही. आज लागू आहे तो मध्य प्रदेश धार्मिक स्वातंत्र्य कायदा, २०२१. त्याचे तिसरे कलम खोटी बतावणी, प्रलोभन, धाक, बळ, अवाजवी प्रभाव, जबरदस्ती, विवाह किंवा अन्य कपटाने केलेल्या धर्मांतराला मनाई करते, आणि तशा प्रयत्नालाही.

प्रलोभनाची व्याख्या आपण नीट समजून घ्यावी अशी माझी विनंती आहे. तिच्यात भेटवस्तू येते, रोख किंवा वस्तुरूप लाभ येतो, नोकरी येते, धार्मिक संस्थेच्या नामांकित शाळेतील शिक्षण येते, अधिक चांगल्या राहणीमानाचे आश्वासन येते आणि ईश्वरी प्रसन्नतेचेही येते. अनवाणी येणाऱ्या मुलाला बूट देण्याइतके निर्मळ काम दुसरे नसेल. पण ते बूट बायबलच्या वाचनानंतर, चर्चच्या पाहुण्यांच्या हातून दिले गेले, तर ते याच व्याख्येवर टेकवून पाहिले जातील. साध्या प्रकरणात शिक्षा एक ते पाच वर्षे आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड अशी आहे. ज्याच्याबाबत गुन्हा झाला ती व्यक्ती अल्पवयीन, स्त्री किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल तर ती दोन ते दहा वर्षे आणि किमान पन्नास हजार होते. आपल्या वर्गातील बहुतेक मुले अल्पवयीनही आहेत आणि अनुसूचित जमातीचीही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, तो सत्र न्यायालयात चालतो, आणि धर्मांतर कपटाने वा प्रलोभनाने झाले नाही हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकलेला आहे. धर्मांतरापूर्वी साठ दिवस जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवण्याचे जे दहावे कलम आहे, त्याचा आपल्याशी संबंध नाही, कारण इथे कोणी धर्म बदलत नाही.

याच कायद्याचे चौथे कलम आपल्या बाजूचे आहे. पोलिसांना चौकशी किंवा तपास करायचा असेल तर लेखी तक्रार धर्मांतरित व्यक्तीची, तिच्या आईवडिलांची किंवा भावंडांची हवी. रक्ताच्या, विवाहाच्या, दत्तकाच्या किंवा पालकत्वाच्या नात्यातील इतर कोणाला न्यायालयाची परवानगी घेऊनच ती करता येते. रस्त्याने जाणाऱ्या कोणाच्याही सांगण्यावरून या कायद्याखाली तपास सुरू होऊ नये, हा त्याचा अर्थ. कटनीतील एका बालगृहाच्या प्रकरणात २०२३ मध्ये आपल्या उच्च न्यायालयाने अटकपूर्व जामीन देताना अशा तक्रारीचा अभाव लक्षात घेतला होता. तेव्हा त्या दोन तरुणांना आपल्याविरुद्ध या कायद्याखाली तक्रार करण्याचा स्वतःचा अधिकार नाही. परंतु या कलमावर विसंबून पालकांना अंधारात ठेवण्याचा मार्ग धरू नका, कारण ज्यांना तक्रारीचा पूर्ण अधिकार आहे ते नेमके पालकच आहेत. एखाद्या बापाला तिसऱ्याच माणसाकडून कळले की ज्याला आपण इंग्रजी समजत होतो तिथे दुसरेच काही वाचले जात होते, तर त्याचा विश्वास उडेल, आणि तो उडणे मला अगदी योग्य वाटेल.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की हे शिबिर आज ठरले आहे त्या स्वरूपात आपण होऊ देऊ नये. भाचीला पत्राने, फोनवर नव्हे, कळवा की पाहुणे वर्गात येऊ शकतील, पण केवळ इंग्रजी शिकवण्यासाठी. पाठ आपण निवडाल, वाचन आपल्या पुस्तकांतून होईल, वर्गात धर्मग्रंथ वाचला जाणार नाही, प्रार्थना घेतली जाणार नाही, पत्रके आणि भेटवस्तू वाटल्या जाणार नाहीत. त्यांनी आपल्या खोलीत बायबल वाचावे, रविवारी व्हाइट चर्चमध्ये उपासनेला बसावे. तो त्यांचा अधिकार आहे आणि त्यात आपण आडकाठी करू नये. ज्या शहरात कॅनडाच्या मिशनने १८८७ मध्ये काढलेले ख्रिश्चन कॉलेज आजही उभे आहे, तिथे ख्रिस्ती माणसाने इंग्रजी शिकवण्यात नवल काहीच नाही. बायबलचे वाचन हाच गटाचा खरा उद्देश असेल, तर त्यांनी हा दौरा पुढे ढकलून योग्य व्हिसा काढावा, तो आपल्या घराऐवजी एखाद्या नोंदणीकृत चर्चच्या निमंत्रणावरून करावा, आणि आपले नाव त्यात नसावे. भाची दुखावेल. तिच्या श्रद्धेबद्दल आपल्याला आदर आहे हे पत्रात पहिल्याच ओळीत लिहा, म्हणजे नकार श्रद्धेला नसून पद्धतीला आहे हे तिला कळेल.

पाहुणे आले तर प्रत्येकाची माहिती चोवीस तासांच्या आत विदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर भरावी लागेल. आजवर सी-फॉर्म म्हणून ओळखली जाणारी ही नोंद हॉटेलाप्रमाणे घरमालकालाही बंधनकारक आहे. शिवाय पोलीस ठाण्यात एक साधे पत्र द्या : कोण येत आहे, किती दिवस, काय शिकवणार आणि कोणत्या पुस्तकांतून. हेच पालकांनाही सांगा. त्यांच्यापैकी पुष्कळांना वाचता येत नसेल, तेव्हा हिंदीत लिहिलेले संमतिपत्र त्यांच्यापुढे मोठ्याने वाचून दाखवा, त्यांच्या भिलाली बोलीत समजावणारे कोणी असेल तर त्याला जवळ बसवा, आणि मगच सही किंवा अंगठा घ्या. ज्या पालकाला परदेशी पाहुणे नकोत, त्याच्या मुलाची त्या तीन आठवड्यांची शिकवणी आपण स्वतः वेगळी घ्या.

ते तरुण पुन्हा आले तर दारातच शांतपणे सांगा की वर्ग इंग्रजीचा आहे आणि त्याची माहिती ठाण्यात दिलेली आहे. हजेरीपुस्तक किंवा मुलांचे पत्ते त्यांच्या हाती देऊ नका. पोलिसांनी जबाबासाठी बोलावले तर स्त्री म्हणून आपल्याला ठाण्यात जाण्याची सक्ती नाही, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ नुसार जबाब आपल्या राहत्या घरी घ्यावा लागतो. गुन्हा नोंदवल्याची कुणकुण लागली तर त्याच दिवशी त्याच संहितेच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनासाठी वकिलाला गाठा. वर सांगितल्याप्रमाणे वागलात तर ती वेळ येण्याचे कारण मला दिसत नाही, तरी बँकेच्या पत्राची पोच, भाचीला लिहिलेले पत्र, ठाण्यातील पोच आणि संमतिपत्रे एका फाइलमध्ये लावून ठेवा. बँकेचे पत्र उद्याच द्या.