हाताला चव आहे, पण मोजमाप आहे का?

प्रश्न : मुलगा बारावी कॉमर्सला आहे. चतुर्थीला नेवऱ्या (करंज्या), खतखते (मिश्र भाजी) तोच करतो आणि सगळे त्याच्या हाताची चव वाखाणतात. त्याला पाककलेत पदवी घ्यायची आहे. नुसत्या आवडीवर हे निभेल का? – एक आई, फोंडा

उत्तर : ताई, कॉमर्सची काळजी सोडा. बहुतेक ठिकाणी कुठल्याही शाखेची बारावी चालते, फक्त इंग्रजी विषय हवा. पर्वरीच्या इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंटसाठी एनसीएचएम जेईई ही राष्ट्रीय प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिच्यात इंग्रजी, आकडेमोड, तर्क, सामान्य ज्ञान आणि सेवाक्षेत्राचा कल तपासतात. स्वयंपाक कोणी करायला लावत नाही. तिथल्या पदवीत किचनबरोबर सर्व्हिस, फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंगही येतं. फक्त किचनच हवं असेल तर तिरुपती आणि नोएडाच्या इंडियन कलिनरी इन्स्टिट्यूटचा विचार करा.

आता अंगच्या गुणांबद्दल. चव असणं चांगलंच, पण कॉलेजच्या किचनमध्ये बघतात ते हे की आज केलेला पदार्थ उद्या तसाच होतो का. ‘अंदाजाने मीठ’ तिथे चालत नाही. त्याला एक डिजिटल काटा घेऊन द्या आणि नेवरीचं सारण, पारीचं पीठ, तेलाचं तापमान सगळं वहीत लिहायला सांगा. त्या वहीवरून दुसऱ्या कोणी केलेल्या नेवऱ्या तशाच झाल्या, तर मुलगा योग्य वाटेवर आहे असं समजा.

गणित कच्चं असेल तर आत्ताच पक्कं करून घ्या, कारण बरीच मुलं इथेच अडखळतात. समजा, 800 रुपये किलोने 2 किलोचं इसवण (सुरमई) आणलं. डोकं, शेपूट, आतडी काढून 1.4 किलो उरलं. मग किलोचा खरा भाव 1600 भागिले 1.4, म्हणजे सुमारे 1143 रुपये. 150 ग्रॅमची कापी 120 रुपयांना नाही, 171 रुपयांना पडते. डोक्याचं हुमण (माशाची आमटी) केलं तर त्याचा हिशेब वेगळा मांडायचा. चार जणांचं हुमण चाळीस जणांचं करतानाही सगळं सरळ दहाने गुणून चालत नाही. मोठ्या टोपात त्या मानाने वाफ कमी जाते, म्हणून पाणी दसपट घातलं की रस पातळ होतो.

सुरीचं काम सरावाने येतं. कापायच्या पाटाखाली ओलं फडकं घालायचं म्हणजे तो सरकत नाही, आणि डाव्या हाताची बोटं आत वळवून धरायची. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, म्हणून हात तीच जास्त कापते. रोज अर्धा किलो गाजराचे 3 मिलिमीटरचे चौकोन करू द्या. आधी वेग नको, सगळे तुकडे सारखे हवेत. लहान-मोठे असले की काही गळतात, काही कच्चे राहतात.

स्वच्छतेची सवय लावणं त्याहून अवघड आहे. 5 ते 60 अंश सेल्सिअसमध्ये जंतू झपाट्याने वाढतात. गरम भाताचा टोप तसाच झाकून ठेवला तर मधला भाग तासन्‌तास त्याच टप्प्यात राहतो. तो उथळ परातीत पसरून लवकर गार करायचा आणि फ्रिजमध्ये टाकायचा. काम करता करता ओटा पुसणारा मुलगा शिक्षकांच्या लगेच नजरेत भरतो.

दोन गोष्टी घरी स्पष्ट बोलून घ्या. मांस, अंडी हाताळावी आणि चाखावी लागतील. अडचण असेल तर प्रवेशाआधी संस्थेला विचारा. दुसरं, गोव्यात नाताळ ते नववर्ष हा हॉटेलांचा सर्वांत धावपळीचा काळ. त्या दिवसांत सुट्टी मिळणार नाही, आठ-दहा तास उभं राहावं लागेल, वरिष्ठाचं ओरडणं ऐकून पुढच्या ताटाकडे वळावं लागेल. ज्याला हे मनाला फार लागतं, तो चव असूनही टिकत नाही. मला सगळ्यात जास्त चिंता याचीच वाटते.

म्हणून परीक्षा संपली की महिनाभर त्याला ओळखीच्या एखाद्या खानावळीत कांदे सोलायला, भांडी घासायला पाठवा. कौतुक करणारं तिथे कोणी नसेल. तिसऱ्या आठवड्यातही तो वेळेवर कामाला निघत असेल, तर बिनधास्त फॉर्म भरा.