वाचकांचे प्रश्न : दिसतं ते मेश, धडकतो तो कोलायडर

प्रश्न : युनिटी या गेम इंजिनमध्ये मोबाइलसाठी 3डी गेम करतोय. वाड्याचे कोरीव खांब, कमानी, दगडी जिना, सगळ्याला मेश कोलायडर लावलाय. गेम अडखळतो. ‘कॉन्व्हेक्स’वर टिक केली तर कमानीतून आत जाताच येत नाही. मॉडेलच हलकं करू का? (वाचक, नाशिक)

उत्तर : मॉडेल आहे तसं राहू द्या, आधी कोलायडर बदला. मेश म्हणजे वस्तूचं त्रिकोणांनी बनलेलं दिसणारं रूप, आणि कोलायडर म्हणजे धडक तपासण्यासाठी लावलेला अदृश्य आकार. मेश कोलायडर धडकेसाठीही तेच सगळे त्रिकोण वापरतो. खांबावरचं कोरीवकाम डोळ्यांसाठी आहे. खेळाडूला अडवायला त्यातली एकही पाकळी लागत नाही. साध्या आकारांची धडक तपासणं सोपं असतं. दोन गोल एकमेकांना लागतात का हे पाहायला केंद्रांमधल्या अंतराचा वर्ग त्रिज्यांच्या बेरजेच्या वर्गाशी ताडला की झालं. मेश कोलायडरला मात्र जवळचे त्रिकोण शोधून एकेक तपासावा लागतो. त्रिकोण बारीक असले की एकाच स्पर्शातून ढीगभर संपर्कबिंदू निघतात आणि वस्तू थरथरू लागतात.

खांबापासून सुरुवात करा. युनिटीत सिलिंडरचा वेगळा कोलायडर नाही, म्हणून कॅप्सूल घ्या. त्याच्या उंचीत वरखालचे अर्धगोल धरलेले असतात, आणि इथेच बहुतेकांचं माप चुकतं. खांब 3 मीटर उंच आणि 0.25 मीटर त्रिज्येचा असेल, तर कॅप्सूलची उंची 3.5 ठेवा. अर्धगोल जमिनीत आणि छतात गाडले जातात, मधला सरळ भाग पुरता 3 मीटर राहतो. उंची 3 च ठेवलीत तर पायथ्याशी खांब निमुळता होतो आणि खेळाडूचा पाय दगडात घुसलेला दिसतो.

कमान बंद का झाली? कॉन्व्हेक्स म्हणजे आतले कोणतेही दोन बिंदू जोडले तरी रेघ बाहेर न जाणारा आकार. तसा आकार करताना इंजिन कमानीची पोकळी भरूनच टाकतं. त्याऐवजी दोन बाजूंना दोन बॉक्स आणि वर एक आडवा बॉक्स लावा. वरची गोलाई खरोखर हाताला लागणार असेल तरच तिथे तीन-चार तिरपे बॉक्स घाला. बॉक्स कोलायडरला स्वतःचं रोटेशन नसतं. प्रत्येक तिरप्या बॉक्ससाठी रिकामा चाइल्ड ऑब्जेक्ट करून तो फिरवा. पेरेंटचं, म्हणजे मूळ कमानीचं, स्केल 1, 1, 1 असू द्या. ते असमान असलं की फिरवलेला बॉक्स दिसतो एकीकडे आणि लागतो दुसरीकडे.

जिन्याला पायऱ्यागणिक कोलायडर नको, एकच उतरता बॉक्स पुरे. फक्त कोन मोजा. पायरी 20 सेंटिमीटर उंच आणि 25 रुंद असेल तर चढ साधारण 39 अंशांचा होतो. पात्र चालवणाऱ्या कॅरेक्टर कंट्रोलरची स्लोप लिमिट, म्हणजे चढता येणारा कमाल कोन, मुळात 45 असते, त्यामुळे पात्र चढेल. गडावरच्यासारखी 25 उंच, 20 रुंद पायरी केलीत तर चढ 51 अंशांवर जातो आणि पात्र खालीच अडतं. तिथे लिमिट वाढवा.

न हलणाऱ्या ओबडधोबड भिंतीला मेश कोलायडर चालतो, पण त्यासाठी वेगळं, मोजक्या त्रिकोणांचं मेश करून द्या. रिजिडबॉडी म्हणजे वस्तूला भौतिकीचे नियम लावणारा घटक. त्या नियमांनी हलणाऱ्या, डायनॅमिक रिजिडबॉडीवर कॉन्व्हेक्स नसलेला मेश कोलायडर युनिटी 5 पासून चालत नाही, आणि कॉन्व्हेक्सला 255 त्रिकोणांची मर्यादा आहे. शेवटी लेयर कोलिजन मॅट्रिक्स, म्हणजे कोणत्या लेयरच्या वस्तू कोणाला धडकतील याचा तक्ता, उघडा. 200 हलत्या वस्तूंच्या 19,900 जोड्या होतात. इंजिन दूरच्या जोड्या आधीच गाळतं, पण पानं आणि नाणी एकमेकांना धडकायची गरज नाही हे तुम्हीच सांगायला हवं.

प्रश्न : क्रिकेटच्या गेममध्ये वेगवान चेंडू बॅटमधून आरपार जातो. बॅटला हुबेहूब मेश दिलंय, तरीही. (वाचक, सांगली)

उत्तर : हुबेहूब मेशने हा दोष जाणार नाही. कारण वेगात आहे. ताशी 140 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ 39 मीटर. युनिटीची भौतिकी दर 0.02 सेकंदाला एकदा पाहते, तेवढ्यात चेंडू 78 सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. एका पाहणीत तो बॅटच्या अलीकडे, पुढच्या पाहणीत पलीकडे.

बॅटच्या पात्याला एकच बॉक्स द्या, रुंदी नियमाप्रमाणे 10.8 सेंटिमीटर, आणि जाडी मागच्या बाजूने वाढवा. पुढची बाजू जागेवर राहिल्याने चेंडू हवेत थांबल्यासारखा दिसत नाही. चेंडूला स्फिअर कोलायडर लावा आणि त्याचं कोलिजन डिटेक्शन ‘कंटिन्युअस डायनॅमिक’ करा, म्हणजे दोन पाहण्यांमधला मार्गही तपासला जातो. बॅट कायनेमॅटिक, म्हणजे फक्त कोडने हलणारी, ठेवून तिला ‘कंटिन्युअस स्पेक्युलेटिव्ह’ हा पुढची धडक अंदाजाने धरणारा प्रकार द्या, कारण कायनेमॅटिक वस्तूंना सलग तपासणीचा तेवढाच प्रकार चालतो आणि फिरण्याची गतीही तोच धरतो. ट्रान्सफॉर्ममधली जागा थेट बदलून बॅट हलवू नका. भौतिकीच्या प्रत्येक पाहणीला चालणाऱ्या फिक्स्डअपडेट या फंक्शनमध्ये मूव्हपोझिशन आणि मूव्हरोटेशन वापरा, नाहीतर इंजिनच्या लेखी बॅट फिरतच नाही, एका जागेवरून दुसरीकडे उडी मारते. स्पेक्युलेटिव्हमध्ये क्वचित न लागलेला चेंडूही लागल्याची नोंद होते, म्हणून कडेच्या फटक्यांची चाचणी जास्त घ्या.

प्रश्न : 2डी गेममध्ये सपाट जमिनीवर धावतानाही पात्र मध्येच अडतं. (वाचक, फोंडा)

उत्तर : प्रत्येक टाइलचा, म्हणजे जमिनीच्या प्रत्येक चौकोनी तुकड्याचा, कोलायडर वेगळा आहे, आणि पात्राच्या बॉक्सचा कोपरा दोन टाइलांच्या सांध्यात अडकतोय. टाइलमॅप कोलायडर 2डीच्या जोडीला कंपोझिट कोलायडर 2डी लावून सगळ्या टाइलांची एकच बाह्यरेषा करा. त्याबरोबर रिजिडबॉडी 2डी आपोआप येते आणि ती डायनॅमिक असते. ती लगेच स्टॅटिक करा, नाहीतर प्ले दाबताच अख्खी जमीन खाली कोसळते. पात्राला बॉक्सऐवजी कॅप्सूल दिलात तर उरलेसुरले धक्केही जातील.